आपण म्हणजे कोण?

"मेल्या, जरा दम धर की!"

हे ती एका यंत्राला म्हणाली. परदेशी नागरिकांच्या कचेरीत जिन्याखाली फोटो काढायचं एक खोकं होतं. आत फिरकीचं स्टूल, समोर काच, बाजूला निळा पडदा. ते यंत्र तिथल्या भाषेत सारखं खेकसत होतं, आणि दोन वर्षं राहूनही तिला त्या भाषेतलं बाजारापुरतंच येत होतं. पहिल्या फोटोत नुसतं कपाळ आलं. दुसऱ्यात डोळे मिटलेले. तिसऱ्या वेळी स्टूल आपोआप खाली घसरायला लागलं, तेव्हा तिच्या तोंडून मायबोली बाहेर पडली.

आणि पडद्याच्या पलीकडून मायबोलीतच उत्तर आलं.

"आपण हनुवटी जराशी खाली घ्यावी… आणि हसू नये."

आवाज साईसारखा, दाट आणि निवांत. ती स्टुलावरून पडता पडता वाचली. पडदा सरकवून पाहते तर एक उंच गृहस्थ रेनकोटमधून पाणी निथळत उभे. केस पांढरे, भुवया मात्र काळ्याभोर.

"तुम्ही मराठी?"

"आपणही, असं दिसतं."

"मी यंत्राशी बोलत होते."

"ऐकलं ना. पण त्याने फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही."

हसू नये म्हटलं की हसू फुटतंच. तिने ओठ आवळले, हनुवटी खाली घेतली, आणि यंत्राने एकदाचा फोटो काढला. चार फोटोंची ओली पट्टी बाहेर आली. त्याने ती नीट निरखून पाहिली.

"हा फोटो परत येणार."

"का? ओठ मिटलेत की चांगले."

"ओठ मिटलेत… पण डोळे हसताहेत."

साठी उलटलेल्या बाईने एवढ्याशा वाक्यावर लाजावं का? लाजू नये. पण ती लाजली, आणि छत्री तिथेच विसरून भर पावसात चालू लागली. तोच छत्री घेऊन मागून धावत आला. आता दोघांची साठी उलटलेली आहे म्हणून त्यांना मानाने 'त्या' आणि 'ते' म्हणायला हवं, हे खरं. पण प्रेमाच्या गोष्टीत माणसं 'ती' आणि 'तो'च असतात, त्याला इलाज नाही.

ती भूलतज्ज्ञ होती. मोठ्या इस्पितळात आयुष्यभर लोकांना भूल दिली, स्वतःला मात्र कधी पडू दिली नाही. 'अहों'ना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा तिसऱ्याच एका देशात संसार थाटून बसला होता. निवृत्त झाल्यावर तिने समुद्राकाठचं हे गाव निवडलं ते नकाशात पाहून, कोणाला न विचारता. इथे ती साठाव्या वर्षी पोहायला शिकली. बाल्कनीत टोमॅटो लावले. कोण कुठे निघालं, का निघालं, हे विचारणारं कोणी नव्हतं. याचं सुख होतं, आणि संध्याकाळ झाली की याचंच दुःखही होतं. ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच जेवून घ्यायची. एका माणसासाठी टेबलावर पानं कसली मांडायची?

तो निवेदक. रेडिओवर बातम्या वाचण्यात हयात गेली. लग्न केलेलं नाही. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी छातीसाठी समुद्राची हवा सांगितली म्हणून तो इथे आला. आणि त्याची एक खोड होती. तो सगळ्या जगाला 'आपण' म्हणायचा. आपण ऐकत आहात, आपण ऐकलंत, असं जन्मभर माइकला सांगून सांगून त्याच्या जिभेला तसं वळणच पडलं होतं. दारातल्या मांजरालाही तो "आपण आत येणार का?" असं विचारायचा. मांजर आत यायचं नाही, पण जायचंही नाही.

दोघांच्याही डोक्यावर एकच टांगती तलवार होती. इथला वर्षावर्षाने वाढवून मिळणारा व्हिसा सरकारने बंद केला होता. महिना संपायच्या आत काय ते कायमचं ठरवा, नाहीतर निघा.

ठरवायला मदत करणारी एक पोरगी होती. तिला सगळे व्हिसाताई म्हणत. आपल्याकडचीच, लग्न करून इथे आलेली. कपडे धुण्याच्या दुकानाच्या वर तिची कचेरी होती. खाली यंत्रं फिरायला लागली की वरचं टेबल थरथरायचं आणि फायली आपोआप सरकायच्या. अंबाड्यात पेन्सिल खोचून ती फडाफडा बोलायची.

"मावशी, तीन दारं आहेत. एक, दहा वर्षांचा व्हिसा, तुमच्या एकटीच्या नावावर. पण मग राहायचं इथेच. दुसरीकडे जास्त मुक्काम ठोकला की रद्द. दोन, जोडीचा. एकाची मुख्य फाइल, दुसरा त्याला जोडलेला. तो काही तुमच्या कामाचा नाही. तीन, गाशा गुंडाळायचा आणि मुलाकडे जायचं. त्याने तिकडे तुमचे कागद तयार ठेवलेत. पण तिकडचं बोलावणं एकदाच येतं, बरं का. या वेळी नाही म्हटलंत की ते दार बंद."

"तिकडे मी कोण असेन?"

व्हिसाताईने कागद पाहिला. "अवलंबित आई."

तो शब्द तिला दातात खडा आल्यासारखा लागला. मुलगा वाईट नव्हता, लाखात एक होता. सूनही गुणी. पण त्यांच्याकडे गेलं की सकाळपासून दोघं एकच वाक्य म्हणायची, 'आई, तू बस.' ती बसायची. बसून बसून कंटाळायची आणि मग झोपायची. उरलेलं आयुष्य असं बसून काढायचं? आणि नाही, तर मग इथे एकटीने?

पलीकडच्या खुर्चीवर निवेदक बसला होता. त्याचं सोपं होतं, एकटा जीव सदाशिव. त्याने पहिलं दार कधीच निवडलं होतं. तरी तो दर आठवड्याला व्हिसाताईकडे यायचा, कधी एखाद्या कागदाची आणखी एक प्रत द्यायला, तर कधी दिलेली परत न्यायला.

"काका, तुमची फाइल पूर्ण आहे हो," व्हिसाताई वैतागून म्हणायची.

"असू दे. खात्री केलेली बरी."

आणि नेमकी तीही त्याच वेळी तिथे यायची. हा योगायोग कसा काय, हे त्या दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. मग परत जाताना समुद्राच्या कठड्यावरून चालणं आलंच.

"तुम्ही कधी रागावलात तर काय म्हणता हो?" तिने एकदा विचारलं. "आपण गाढव आहात, असं?"

"रागावलो की मी हवामान सांगतो."

"आणि प्रेमात पडलात तर?"

तो जरा जास्तच वेळ समुद्राकडे पाहत राहिला. "तेव्हा… प्रक्षेपणात व्यत्यय येतो."

ती खळखळून हसली. त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिने टेबलावर एकटीसाठी ताट मांडलं आणि बसून जेवली.

महिना संपत आला तसं तिचं हसू आटत गेलं. मुलाचा फोन रोज यायचा. आई, ठरलं का? आई, कागद पुढे पाठवू का? एका दुपारी कठड्यावर बारीक पाऊस भुरभुरत होता. दोघांत एकच छत्री, आणि त्याचा डावा खांदा पूर्ण भिजलेला, कारण छत्री सगळी तिच्याकडे कललेली. ती बोलत नव्हती. तोच थांबला.

"डॉक्टर… मी फार विचार केला." त्याचा तो साईसारखा आवाज पहिल्यांदाच कापत होता. "मला वाटतं, आपण इथेच राहावं. इतक्या लांब जाऊन काय करायचं? आपलं मन इथे रमलंय. आपण… आपण सुखात राहावं, बस."

छत्रीवर थेंब टपटपत होते, आणि ती त्यांच्याकडे लक्ष देऊन ऐकत राहिली, कारण त्याच्याकडे पाहायचं धाडस होत नव्हतं. आपण. आपलं. आपण दोघांनी.

"सांगते," एवढंच ती म्हणाली आणि पाय जमिनीला न लावता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती व्हिसाताईसमोर हजर. केस धुतलेले, कपाळावर घाम.

"दुसरं दार," ती म्हणाली.

"कोणतं दुसरं?"

"अगं, जोडीचं."

व्हिसाताईच्या अंबाड्यातली पेन्सिल खाली पडली. "मावशी! निवेदककाका? म्हणजे आता मी तुम्हाला काकू म्हणायचं?" टेबलावरच्या फायलींसकट ती स्वतःही थरथरत होती. "थांबा, काकांचे कागद लगेच मागवते. मुहूर्त साधू."

तिने फोन लावला, तोही स्पीकरवर. उत्साहात कोणाला भान राहतं?

"काका, अभिनंदन! तुमची फाइल जोडीच्या व्हिसात घालतेय!"

"जोडीच्या? कोणाबरोबर?"

"घ्या! मावशींबरोबर. तुम्हीच ना त्यांना म्हणालात, आपण इथेच राहावं?"

मग तो आवाज, पार गोंधळलेला. "नाही नाही… आपला काहीतरी घोटाळा होतोय. मी डॉक्टरांना म्हणालो, आपण राहावं. म्हणजे त्यांनी. आपण म्हणजे… त्या. मी माझं कशाला…"

व्हिसाताईने घाईघाईने फोन बंद केला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. खालची यंत्रं नेमकी तेव्हाच थांबली.

धरणीने पोटात घ्यावं, असं तिला झालं. वाह्यात म्हातारे, तिने स्वतःला म्हटलं, मांजराला 'आपण' म्हणणाऱ्या माणसाच्या 'आपण'वर तू घर बांधलंस? लाज आली, राग आला, आणि त्याखाली साधं रडू आलं. पण ती रडली नाही. नीट उभी राहिली, पर्स खांद्याला लावली.

"तिसरं दार," ती म्हणाली. "उद्या मी सोडून जायचा अर्ज देते."

"मावशी, अहो, एक दिवस थांबा…"

"उद्या."

कचेरीत दुसऱ्या दिवशी गर्दी होती. लाकडी बाकांवर देशोदेशीची माणसं मांडीवर कागद घेऊन बसली होती. तिच्याकडे व्हिसाताईचं जाड फोल्डर होतं. ती पोरगी पक्की, तिन्ही दारांचे अर्ज भरूनच दिले होते तिने, "मन बदललं तर पंचाईत नको" म्हणून. वरचा अर्ज होता सोडून जायचा. त्यावर सही तेवढी बाकी होती.

तो आला तेव्हा नखशिखांत भिजलेला होता. छत्री नाही, रेनकोट नाही. बाकांमधून वाट काढत तो थेट तिच्यापुढे उभा राहिला.

"डॉक्टर, आपण…"

"थांबा!" ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारचं मूल दचकलं. "काय बोलायचं ते बोला, पण तो शब्द नको. मला त्याचा आता धसका बसलाय."

त्याने तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. पट्टीचा निवेदक, आणि तोंडातून शब्द फुटेना.

"मग बोलू कसं?" तो अखेर म्हणाला. "मला दुसरं येत नाही. 'तू' म्हणायला घरात कोणी नव्हतं, आणि बातम्या वाचणाऱ्याला 'मी' नसतो. तरुणपणी एका मुलीला मी म्हणालो होतो, आपण लग्न करावं असं मला वाटतं. ती म्हणाली, हो, आईपण तेच म्हणते. आणि तिने केलं. दुसऱ्याशी. मला पत्रिका आली."

नको नको म्हणताना तिला हसू आलं. ते लपवायला तिने मान खाली घातली.

"परवाही मी खरंच… तुमच्याबद्दलच बोललो. खोटं कशाला सांगू? त्यापुढचं म्हणायची छाती नव्हती. तुम्हाला मुलगा आहे, घर आहे बोलवणारं. मी कोण? म्हटलं, निदान या बाईला कोणीतरी सांगावं की ती इथे सुखात आहे. आणि काल फोन ठेवला… तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी न विचारलेल्या प्रश्नाला होकार आला होता. आणि मी काय केलं? चूक दुरुस्त केली!" त्याने ओल्या तळव्याने कपाळ पुसलं. "जन्मभर बोलत आलो, डॉक्टर. समोरून कधी उत्तर आलं नाही. पहिल्यांदा आलं, तर मला ते ओळखूच आलं नाही."

तिच्या छातीवरचा धोंडा जरासा हलला. नुसता हलला हं, अजून उतरला नव्हता.

"मग आता नीट विचारा," ती म्हणाली.

"भीती वाटते."

"डोळे मिटा. दहापासून उलटं मोजा. भल्याभल्यांची भीती मी अशीच घालवलीय."

तिथे, त्या भर गर्दीत, त्या उंच माणसाने खरंच डोळे मिटले.

"दहा…" पापण्यांवरून पाणी ओघळत होतं. "नऊ… आठ…"

तिने फोल्डर बाजूला ठेवलं.

"तू," तो म्हणाला. तो शब्द पहिल्यांदाच बोलायला शिकल्यासारखा, अडखळत. मग डोळे उघडून, तिच्याकडे पाहून परत म्हणाला, "तू… आणि मी. इथे. चालेल तुला?"

"सातच्या पुढे तसंही कोणी जात नाही," ती पुटपुटली. आणि मग रडलीच. आतापर्यंत दाबून ठेवलेलं सगळं एकदम आलं, हसण्यातच मिसळून. त्याने खिशातून रुमाल काढून पुढे केला. तोही चिंब भिजलेला. तिने तो पिळला आणि त्यानेच डोळे पुसले.

"चालेल," ती म्हणाली. "न चालायला काय झालं?"

खिडकीवर तिचा नंबर लागला. तो लगबगीने फोल्डर चाळायला लागला. "जोडीचा अर्ज… हा बघ, इथे आहे."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "तो नाही."

त्याचा चेहरा पडला.

"अहो, घाबरू नका. मुलाच्या फाइलला मला जोडून घ्यायचं नव्हतं, तसं तुमच्याही फाइलला नाही. मी माझा दहा वर्षांचा घेते, माझ्या नावावर. तुमचा तुम्ही घेतलाय. लग्न करायचं तर करू, पण ते शिक्क्यासाठी नाही. मला राहायला परवानगी सरकारची लागेल. तुमच्याबरोबर राहायला कोणाचीच नको."

हळूहळू त्याच्या काळ्या भुवया वर गेल्या. "आप… तू," त्याने जीभ सावरली, "फार हुशार आहेस."

"उशिरा कळलं. चला, माझी छत्री धरा."

खिडकीतल्या बाईने अर्ज घेतला, पानं उलटली, धाडकन शिक्का मारला. एवढंच. महिनाभर ज्याने झोप उडवली होती, ते भाजी घेतल्यासारखं झालं. आता कठड्यावरून चालत जाता येणार होतं, उद्या पोहता येणार होतं, आणि टोमॅटो कोणाला देऊन टाकायचे याचा विचार करायला नको होता. कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन तिने असा श्वास सोडला की तिचा तिलाच तो ऐकू आला. पाऊस उघडला होता.

मग तिने मुलाला फोन लावला. हे मात्र कठीण होतं. तिने पायरीवर बसूनच सांगितलं, "राजा, मी येत नाहीये. इथलाच अर्ज दिला. रागावू नकोस."

तो काही बोलायच्या आत तिने पुढचंही सांगून टाकलं.

"आणि ऐक. मी एकटी नाहीये. एकजण आहेत. चांगले आहेत. जरा विचित्र आहेत, पण चांगले आहेत."

एक लांब उसासा ऐकू आला. मग मुलाचा आवाज, अगदी लहानपणीसारखा. "आई… सुटलो गं. तुला इकडे आणून खिडकीत बसवून ठेवायचं माझ्या जिवावर आलं होतं. तू इथे कोमेजतेस, मला काय दिसत नाही? पण तिकडे तू एकटी, रात्री काही झालं तर, म्हणून झोप लागायची नाही. बोलावलं तरी पाप, नाही बोलावलं तरी पाप. खरं सांग, एकटी नाहीस ना?"

"नाही रे."

"हुश्श! कोण आहेत ते? दे बघू फोन."

निवेदकाने ओल्या शर्टाच्या सुरकुत्या सारख्या केल्या, घसा खाकरला आणि फोन दोन्ही हातांत धरला. आयुष्यात इतका मोठा कार्यक्रम त्याने केला नव्हता.

"नमस्कार," तो म्हणाला. "आपण आता काळजी करायची नाही."

"म्हणजे मी?" मुलाने गोंधळून विचारलं. "की आपण सगळ्यांनीच?"

निवेदकाने तिच्याकडे पाहिलं. ती पायरीवर सरकून त्याला बसायला जागा करून देत होती.

"सगळ्यांनीच," तो म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला.